लंडन, बॉन आणि बाबासाहेबांचा हिशेब : परदेशी शिकायला निघालेल्या तरुणांसाठी

नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर, ऐरोली अशी कुठेही कॉलेजात चक्कर मारा, सूचना फलकावर एक तरी रंगीत पत्रक दिसतेच. दोन आठवडे लंडन, तीन आठवडे पॅरिस, एखाद्या जुन्या विद्यापीठाच्या आवारात व्याख्याने आणि शेवटी प्रमाणपत्र. फी काही लाखांत. आपल्या वस्त्यांमधली मुले-मुलीही ही पत्रके घरी नेतात. मग घरात विषय निघतो. पतपेढीतून कर्ज काढायचे, की गावची जमीन विकायची? असे पालक आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. बाबासाहेब परदेशी शिकले, मग आमच्या पोराने का जाऊ नये?

प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर शोधायला बाबासाहेबांच्याच आयुष्याकडे गेले पाहिजे. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्याला तोंडपाठ असते. पण त्या पदव्यांमागे किती महिने होते, ते कुणाच्या पैशावर होते, त्या महिन्यांत त्यांनी काय केले आणि परत येताना काय आणले, हा हिशेब आपण फारसा मांडत नाही. आज आम्ही तोच मांडणार आहोत.

बडोद्याचे पैसे, ठरलेली मुदत

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांच्या पोटी जन्मलेले भीमराव 1907 साली मॅट्रिक झाले. त्या वेळी सत्कारात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. याच केळुसकरांच्या खटपटीने महाराजा सयाजीराव गायकवाडांची मदत मिळाली आणि भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून 1912 मध्ये बी.ए. झाले. जानेवारी 1913 मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पुढच्याच महिन्यात, 2 फेब्रुवारीला, वडील गेले.

त्याच वर्षी सयाजीरावांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षे. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करायची, असा करार होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून बाबासाहेबांच्या शिक्षणाला तारीख बांधलेली होती आणि परतफेडही. जुलै 1913 मध्ये 22 वर्षांचा हा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. अर्थशास्त्र हा मुख्य विषय होता, पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचेही वर्ग त्यांनी केले. 1915 मध्ये एम.ए. झाले. 9 मे 1916 रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेची उत्पत्ती आणि यंत्रणा यावर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनामुळे, ही मांडणी तिथे झाली. तेव्हा ते 25 वर्षांचे होते. सातारच्या शाळेत वेगळे बसवलेला मुलगा न्यूयॉर्कमध्ये त्या वेगळेपणाचे मूळ शास्त्राने उलगडून दाखवत होता.

लंडनचे एक वर्ष

तीन वर्षांची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी महाराजांकडे वाढ मागितली. एक वर्ष मिळाले. त्या एका वर्षात दुसरा कुणी अमेरिकेतले राहिलेले काम सावकाश पुरे करून घरी आला असता. बाबासाहेब लंडनला गेले.

पहिले महायुद्ध चालू होते. कोलंबियातील गुरू प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र दिले होते. ऑक्टोबर 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश झाला. फी होती 10 पौंड 10 शिलिंग. मॅकिंडर यांचा भूगोल, डिकिन्सन यांचे राजकीय विचार आणि हॉबहाउस यांचे समाजशास्त्र असे वर्ग त्यांनी निवडले. 11 नोव्हेंबर 1916 रोजी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. एका वर्षाच्या मुदतीत त्यांनी अर्थशास्त्र आणि कायदा अशी दोन दारे उघडून ठेवली.

1917 मध्ये मुदत संपली. पदवी अर्धवट राहिली. इथे त्यांनी केलेली एक गोष्ट आजच्या विद्यार्थ्याने नीट लक्षात घ्यावी. निघण्यापूर्वी प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी घेतली की ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. हातात पैसा नव्हता आणि परत येण्याची कसलीही खात्री नव्हती, तरी दार बंद होऊ दिले नाही.

पदव्या घेऊन आलेल्याला राहायला खोली नाही

ऑगस्ट 1917 मध्ये ते मुंबईत उतरले. पुस्तके आणि सामान वेगळ्या बोटीने येत होते. ती बोट युद्धात बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली.

करारानुसार सप्टेंबरमध्ये ते बडोद्याला रुजू झाले. पुढचे आपल्याला माहीत आहे. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पैसे दिले की खोली मिळत होती. बडोद्यात कोलंबिया विद्यापीठाच्या एम.ए.ला जातीमुळे कुणी जागा देईना. पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. कचेरीत शिपाई फाइली लांबून टाकत. बागेत झाडाखाली बसून त्यांनी काही तास काढले आणि मुंबईची गाडी धरली. बडोद्यातील त्या जागेला आपण आज संकल्पभूमी म्हणतो.

परदेशी पदवीने जात जात नाही, हे बाबासाहेबांना वयाच्या 26 व्या वर्षी असे कळले. नुसत्या स्वतःच्या प्रगतीसाठी ते शिकत असते तर इथेच खचले असते, किंवा परदेशातच कायमचे राहण्याचा मार्ग शोधला असता. ते मुंबईत राहिले. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या माठावरून कुरबुर झालीच. पण त्यांचे शिकवणे ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतून मुले येत. पगारातून घर चालवायचे, उरलेले लंडनसाठी साठवायचे, असे दोन वर्षे चालले. परळच्या चाळीत रमाई संसार ओढत होत्या. रमाईंच्या गोवऱ्यांची आठवण आपल्या घराघरात सांगितली जाते. लंडनच्या पदव्यांच्या हिशेबात ही जमेची बाजू पहिली लिहिली पाहिजे.

उसने पैसे घेऊन दुसरी फेरी

31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी तिथे समाजाला बाबासाहेबांच्या रूपाने त्याचा पुढारी मिळाल्याचे जाहीर केले. चळवळ नुकतीच उभी राहत होती. अशा वेळी जुलै 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. लंडन विद्यापीठाने दिलेल्या चार वर्षांपैकी तीन संपत आली होती. जवळ स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते.

म्हणजे बाबासाहेबांनीही कर्ज काढले होते. पण कशासाठी काढले ते पाहा. अर्धवट राहिलेली, दर्जा सिद्ध असलेली पदवी पुरी करण्यासाठी. आणि त्या कर्जाचा पैन् पै त्यांनी अभ्यासावर लावला.

त्या दिवसांची दिनचर्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. सकाळी घरमालकिणीकडचा पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि कपभर पेय, एवढ्यावर बाहेर पडायचे. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडायच्या वेळी दारात हजर राहायचे. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. ग्रंथालय बंद होईपर्यंत टिपणे काढायची. याशिवाय इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय आणि अर्थशास्त्राच्या जुन्या ग्रंथांचा गोल्डस्मिथ संग्रह यांच्या फेऱ्या. रात्री खोलीवर भूक लागली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे आणि पहाटेपर्यंत वाचायचे. लंडनमध्ये नाटकगृहे होती, राजवाडे होते, नदीकाठचे रस्ते होते. बाबासाहेबांचे लंडन मात्र खोली, कॉलेज, ग्रेज इन आणि ग्रंथालये एवढ्यातच मावले.

जून 1921 मध्ये एम.एस्सी. मिळाली. विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या अर्थव्यवस्थेचे विकेंद्रीकरण. 1922 मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी 6 मे रोजी शाहू महाराज गेले. मागे उभा असलेला मोठा आधार हरपला, पण काम थांबले नाही.

बॉनचे थोडे महिने

बाबासाहेबांच्या शिक्षणातला हा भाग आपल्या भाषणांतून क्वचितच येतो. लंडनचा अभ्यास चालू असतानाच त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला होता. बॉन हे ऱ्हाईन नदीकाठचे जुने शहर, संगीतकार बीथोवनचे जन्मगाव. विद्यापीठ 1818 साली स्थापन झालेले. तरुण कार्ल मार्क्स तिथे वर्षभर शिकला होता आणि बाबासाहेबांच्या काळात संस्कृत व जैन ग्रंथांचे मोठे पंडित हेर्मान याकोबी तिथे होते. प्रवेशासाठी बाबासाहेबांनी जर्मन भाषेत स्वहस्ते अर्ज लिहिला. तो जपून ठेवलेला आहे. परक्या देशात काही महिने शिकायचे तर त्या देशाची भाषा आधी शिकली पाहिजे, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

बॉनचा मुक्काम थोडाच ठरला. लंडनहून प्रबंधासाठी बोलावणे आले आणि बॉनची पदवी राहून गेली. आज एखाद्याने दोन आठवड्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले असते. बाबासाहेबांच्या पदव्यांच्या ओळीत बॉन नाही. पण ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, चलन हा त्यांचा विषय होता, आणि त्याच वर्षांत जर्मनीचा मार्क कोसळत होता. नोव्हेंबर 1923 पर्यंत एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. चलन बिघडले की मजुराचा पगार दिवसभरात कागद होतो, याचे इतके उघड उदाहरण जगाने क्वचितच पाहिले असेल.

रुपयाचा प्रश्न

लंडन विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर. ब्रिटिश सरकारने रुपयाची व्यवस्था स्वतःच्या मर्जीवर ठेवली होती. रुपयाची किंमत घसरली की निर्यातदार व्यापाऱ्याला आणि मालकाला फायदा होतो, पण पगारावर जगणाऱ्या माणसाला महागाई सोसावी लागते. म्हणून चलन काढण्यावर पक्की मर्यादा हवी, ते सत्ताधाऱ्यांच्या लहरीवर नको, असा त्या प्रबंधाचा रोख होता. केन्ससारख्या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञाच्या मताविरुद्ध त्यांनी आपली बाजू मांडली.

साम्राज्याच्या राजधानीत बसून साम्राज्याच्या आर्थिक धोरणाचे वाभाडे काढणे परीक्षकांना रुचले नाही. मार्च 1923 मध्ये त्यांना प्रबंध पुन्हा लिहायला सांगण्यात आले. हातातले पैसे संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. भाषा थोडी मवाळ केली, निष्कर्ष तेच ठेवले आणि ऑगस्टमध्ये प्रबंध परत पाठवला. नोव्हेंबर 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध केला. प्रस्तावना प्रा. कॅनन यांची होती. बाबासाहेबांचे सगळे म्हणणे पटत नसतानाही त्यांनी ती लिहिली.

परतल्यावर काय झाले तेही या हिशेबात धरू. 1923 मध्येच मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली. 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह निघाले. त्याच वर्षी चलनविषयक शाही आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. 20 मार्च 1927 रोजी महाडचे चवदार तळे. आणि 1930 मध्ये, ज्या लंडनमध्ये ते अर्धपोटी विद्यार्थी म्हणून राहिले होते, त्याच लंडनमध्ये गोलमेज परिषदेत कोट्यवधी अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारकडून दरसाल तीन लाखांची शिष्यवृत्ती मिळवली आणि आपली मुले परदेशी शिकायला पाठवली. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज. स्वतःसाठी उघडलेले दार त्यांनी मागच्यांसाठी उघडे ठेवले.

म्हणूनच 18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाविषयी बोलताना त्यांना दुःख आवरले नाही. शिकून मोठे झालेले समाजाकडे पाठ फिरवतात, ही त्यांची वेदना होती. सात महिन्यांनी नागपूरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. आग्र्याची ती तक्रार अजून आपल्या नावावर आहे.

आज आपल्यापुढे

लंडनच्या ज्या घरात बाबासाहेब 1921-22 मध्ये राहिले, ते 10, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले. तिथे आता स्मारक आहे. आपल्या मुलांनी तिथे जरूर जावे. पण त्या घरासमोर फोटो काढण्यासाठी आईचे दागिने गहाण ठेवू नयेत.

आमचे म्हणणे सरळ आहे. दोन-तीन आठवड्यांच्या सहलीला शिक्षण म्हणून विकणाऱ्यांच्या पत्रकाला भुलून कर्ज काढू नका. अल्प मुदतीचा अभ्यास वाईट नाही. बॉनचा मुक्काम अल्प मुदतीचाच होता. पण त्याआधी चार प्रश्न विचारा. शिकवणारे कोण? त्याचे श्रेय आपल्या पदवीत धरले जाते का? पैसे कोण देते? आणि आपण कोणता प्रश्न घेऊन जात आहोत? बाबासाहेब न्यूयॉर्कला जातीचा प्रश्न घेऊन गेले, लंडनला रुपयाचा. चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर पहिल्या तिन्हींचा उपयोग नाही.

आणि खऱ्या शिक्षणासाठी हक्काच्या वाटा आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी अनुसूचित जातीच्या 75 विद्यार्थ्यांना ती मिळते आणि अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून चालू आहे. या योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत, सहलीसाठी नाहीत. त्यांची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून करावी लागते. इंग्रजीची परीक्षा, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, सगळे वेळेत हवे. वस्तीतल्या प्रत्येक विहाराने वर्षातून एकदा तरी या योजनांची माहिती देणारी बैठक घ्यावी. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात महानगरपालिकेने ग्रंथालय उभे केले आहे. तिथल्या खुर्च्या आधी आपल्या मुलांनी भराव्यात.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट. 2022 साली केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्याची अट घातली. या अटीखाली, जातिसंस्थेवर निबंध लिहिणाऱ्या कोलंबियातील भीमरावांचा अर्ज फेटाळला गेला असता. आपल्या मुलांनी परदेशी जाऊन इंजिनिअर व्हावे, डॉक्टर व्हावे, पण जातीचा अभ्यास करू नये, असा त्याचा अर्थ होतो. ही अट कायमची जायला हवी. त्यासाठी निवेदने द्या, खासदारांना भेटा, विद्यार्थी संघटनांनी एकत्र यावे.

सयाजीरावांचे साडेअकरा पौंड, शाहू महाराजांची मदत, भथेनांचे पाच हजार आणि रमाईंचे कष्ट, एवढ्या भांडवलावर बाबासाहेबांनी जे मिळवले ते सगळे समाजाला परत दिले. आपण जाऊ तेव्हा तो हिशेब सोबत नेऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!